स्वेच्छेने माघार

बोरी अरब
४ डिसेंबर २००५

जफर,

सवयीने कागदाच्या डोक्यावर ‘विषय :’ असं लिहून बसलो होतो. पुढे काय लिहायचं ते सुचेना, म्हणून तो कागद टाकला आणि हा दुसरा घेतला. एकवीस वर्षं जिनिंग संस्थेचा सेक्रेटरी राहिलेल्या माणसाला साधं पत्र लिहिता येत नाही, हे तुला नवीन नाही. तूच म्हणायचास, "हा वामन्या बायकोलेही जावक नंबर टाकून चिठ्ठी धाडत असन."

आदिलाबादचा तुझा पत्ता सुग्राबी चाचीकडून घेतला. देताना तुझ्या आईने तीनदा विचारलं, "त्याले काही तरास तं नाही ना देणार तुमी?" तू गेल्यापासूनच्या सहा वर्षांत तिच्या मनात माझी एवढीच किंमत राहिली आहे.

लिहिण्याचं कारण असं. गेल्या आठवड्यात नागपूरहून आभा नावाची मुलगी आली होती. पीएच.डी. करते. लोकशाहीमुळे गरीब देशाची आर्थिक वाढ होते की खुंटते, हा तिचा विषय. मी म्हटलं, बाई, देशाचं दिल्लीला विचारा, इथे चहा घ्या. तिने चहा घेतला आणि सांगितलं, की देश फार मोठा पडतो, म्हणून ती सहकारी संस्था तपासते. तिथे सभासद मत देतात आणि निवडून आलेले यंत्रं चालवतात, म्हणजे दोन्ही गोष्टी एकाच आवारात बघायला मिळतात.

तिच्या विद्वानांत म्हणे दोन तट आहेत. एक म्हणतो, गरिबाला मतदान परवडत नाही, एका खमक्या माणसाने हुकूम सोडला की कामं झटपट होतात. दुसरा तट काय म्हणतो ते ती सांगायच्या आत आमचे अध्यक्ष मारोतराव खुर्चीत सरसावून बसले. "हेच तं सांगून राह्यलो मी इतके वर्षं," म्हणाले. "निवडणूक म्हंजे भांडण. भांडण झालं की गाव फुटते, मिल बंद पडते. आपल्याकडं एकवीस वर्षं बिनविरोध. लिहा."

तिने लिहून घेतलं आणि विचारलं, "एवढ्या शांततेत नवीन काय उभं केलंत?"

मारोतरावांनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीकडे. खिडकीतून फाटकावरची कमान दिसत होती, ती मी दाखवली. तू गेल्यावर झाली ती. तिच्यावर तेराही संचालकांची नावं संगमरवरात कोरली आहेत. रंगवण्यापेक्षा कोरून घ्या, असं मीच सुचवलं होतं, कारण नावं बदलायचा प्रश्नच नव्हता.

तू इथे फिटर होतास तेव्हा कापसातली सरकी काढणारे चोवीस रेचे चालायचे. आता नऊ चालतात, तेही मनात आलं तर. सभासदांच्या गाड्या आपल्या फाटकासमोरून पुढे जातात आणि दारव्हा रोडवर मारोतरावांच्या भाच्याने काढलेल्या नव्या जिनिंगला लागतात. साठ बाया कामाला होत्या, त्यातल्या अकरा उरल्या.

जाताना आभाने छापील प्रश्नावली दिली. चौदावा प्रश्न होता : मागील निवडणुकीत माघार घेतलेल्या उमेदवारांची नावे व कारणे. मी तुझं नाव लिहिलं आणि कारणापुढे लिहिलं, ‘स्वेच्छेने’. अक्षर छान आलं. त्या दिवसापासून अन्न गोड लागत नाही.

तेव्हा न वाचता सही केलीस, हे तुझंही चुकलंच जफर. एवढंच कळवायचं होतं.

वामन


१९ डिसेंबर २००५

जफर,

उत्तर आलं नाही. अपेक्षाही नव्हती, असं लिहायची पद्धत आहे. पण मी रोज पोस्टमनची सायकल फाटकाशी येईपर्यंत ऑफिसच्या पायरीवर उभा असतो. सुमेधा क्वार्टरच्या खिडकीतून बघते आणि काही बोलत नाही. बायको इतक्या समजूतदारपणे गप्प बसली की फार त्रास होतो.

संस्थेची निवडणूक लागली. अर्ज भरायची शेवटची तारीख दोन जानेवारी, माघार अकरा जानेवारीला दुपारी तीनपर्यंत. कागदावर मतदानाचीही तारीख आहे, एकोणतीस जानेवारी, पण ती दरवेळी नुसती छापायची असते.

आता जे लिहितो ते कुणाला सांगू नकोस. मारोतरावांनी माझ्याकडून एक ठराव टाइप करून घेतला आहे. नवीन संचालक मंडळाच्या पहिल्याच सभेत आपली मिल तीस वर्षांच्या भाडेपट्ट्याने त्यांच्या भाच्याला द्यायची. रेचे भंगारात, आवारात त्याचं गोदाम. खाली ‘सर्वानुमते मंजूर’ असंही टाइप केलं. निवडणूक व्हायची आहे, मंडळ बसायचं आहे, आणि त्यांचं एकमत आत्ताच माझ्या खणात पडलेलं आहे.

तू विचारशील, तुला कधीपासून चाड वाटायला लागली? बरोबर विचारशील. आभा परत जाताना मला म्हणाली होती, "काका, विरोधात कुणी उभंच नसेल तर हे लोक घाबरतात कुणाला?" ते डोक्यातून जात नाही. बाभुळगावकडे एक संस्था आहे, तिथे दर पाच वर्षांनी खुर्च्या फेकून मारतात. आपण त्यांना हसायचो. परवा कामाने गेलो होतो. तिथले सगळे रेचे चालू! तिथला सेक्रेटरी वैतागून सांगत होता, "पडलेले लोक हर सभेले येऊन बसतेत साहेब. सुरी काहून नाही बदलली, रोलर कायले झिजू देलं, नुसते प्रश्न. अध्यक्ष भेतेत अन् सामान मागवतेत."

निवडणुकीने कापसाला भाव चढतो, असं मी म्हणत नाही. यंदा शेतकऱ्याने कापूस पिकवावा की पेटवून द्यावा, असे दिवस आहेत. भाव कुठे ठरतो ते मला कळत नाही, आणि आभालाही ते धड सांगता आलं नाही. पण रेच्याची सुरी बदलायची की नाही ते इथे, आपल्या आवारात ठरतं. आणि ते एकवीस वर्षं एकाच माणसाने ठरवलं, ती व्यवस्था मी सांभाळली.

काल तांड्यावरची बसंतीबाई आली होती. रेच्यावर काम करणाऱ्या बायांची ती मुकादम होती, आठवते ना? स्वतःचं वावर आहे, सभासद आहे. टेबलापुढे उभी राहिली आणि म्हणाली, "सेकेटरीसाहेब, फारम द्या. माह्यासंगं आठ जन आहेत, त्याहिलेही द्या." भाडेपट्ट्याची कुणकुण तिला कशी लागली कोण जाणे. मी तरी सांगितली नाही.

नऊ अर्ज दिले.

वामन


२ जानेवारी २००६

जफर,

मी पुन्हा तेच केलं.

आज नऊही जण अर्ज घेऊन आले. मी ते तपासले, खाडाखोड दुरुस्त केली, आणि उमेदवारी अर्जाखाली माघारीचा अर्ज ठेवून सह्या घेतल्या. दोन प्रतींत. आठ जणांनी मुकाट केल्या. बसंतीबाईने बोट ठेवून विचारलं, "हे दुसरं कायचं व्हय, साहेब?"

"पावती," मी म्हणालो.

तुझ्या वेळीही हाच शब्द वापरला होता. पहिल्या पत्रात मी लिहिलं की तू न वाचता सही केलीस. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. तू विचारलं होतंस. मी पावती म्हणालो, तेव्हा तू हसून म्हणालास, "तू म्हनतं तं पावतीच असन," आणि सही ठोकलीस. दुसऱ्या आठवड्यात तीन वाजून पाच मिनिटांनी नोटीस बोर्डासमोर उभा राहून तू सगळ्यांदेखत बोललास ते माझ्या कानात तसंच आहे. "वामन्या, तुनं मले माह्याच सहीनं पाडलं." महिनाभरात तू आदिलाबादला निघून गेलास. मी स्टेशनवर आलो होतो. आपल्या छोट्या रेल्वेच्या, शकुंतलेच्या डब्यात तू पाठ करून बसला होतास, म्हणून हाक मारली नाही.

का केलं ते सांगतो. याला तू सबब म्हण, मी भांडणार नाही. १९८४ साली नोकरीला लागलो तेव्हा मारोतरावांनी माझ्याकडून राजीनामा लिहून घेतला होता. सही आहे, तारीख नाही. तो त्यांच्या घरच्या लोखंडी कपाटात आहे. मी काही वेडंवाकडं केलं की त्यांनी तारीख टाकायची, बस. क्वार्टर संस्थेचं. सुमेधाच्या गुडघ्यांनी तिला दोन पायऱ्या चढवत नाहीत. माझ्या निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत. लोकांच्या बिनतारखेच्या सह्या मी गोळा करायच्या आणि माझी त्यांच्याकडे ठेवायची, अशी ही गंमत आहे. तुला मी हे कधी सांगितलं नाही. लाज वाटायची.

रात्रीच्या जेवणावर सुमेधाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "ते नऊ कागद तुमच्याकडेच आहेत ना? मग हरवू द्या. तुमच्या ऑफिसात नको ते इतकं हरवतं."

अकरा तारखेला तीनपर्यंत ते कागद निवडणूक अधिकाऱ्याच्या हातात पडले नाहीत, तर मतदान घ्यावंच लागेल. म्हणजे नऊ दिवस माझ्या हातात आहेत. मला झोप येत नाही आणि भूक मात्र लागते, हे काय आहे कळत नाही.

वामन


११ जानेवारी २००६

जफर,

घाईत लिहितो आहे, अक्षराकडे लक्ष देऊ नकोस.

सकाळी अंघोळीचा बंब पेटवला तेव्हा ते नऊ कागद त्यात घातले. पाणी चांगलं तापलं. इतका हलका मी कित्येक वर्षांत झालो नव्हतो. ऑफिसात जाताना चक्क शीळ घालत होतो. काहीही हरवतं साहेब, शोधतो आहे, सापडत नाही, असं मारोतरावांना सांगायचं, एवढंच ठरवलं होतं.

पावणेतीनला ते आले. मी म्हटलं, "साहेब, माघारीचे अर्ज सापडत नाहीत."

"नाही सापडत तं नाही," ते म्हणाले. रागावले नाहीत. पिशवीतून फाईल काढली आणि निवडणूक अधिकाऱ्यापुढे ठेवली. नऊ अर्ज. नऊ सह्या.

दुसरी प्रत. जफर, दुसरी प्रत! प्रत्येक कागद दोन प्रतींत, एक ऑफिसात, एक अध्यक्षांच्या घरी, ही शिस्त या संस्थेला मीच लावली. दोन तारखेच्या संध्याकाळी ती फाईल मी स्वतः सायकलवर त्यांच्या घरी पोचवली होती. कुणी मागितली नव्हती. पाय आपोआप तिकडे गेले. आणि नऊ दिवस मला तिची आठवणसुद्धा झाली नाही. मी कागद जाळले त्यात शौर्य नव्हतं, नुसता मूर्खपणा होता.

तीन वाजता अधिकाऱ्याने वाचून दाखवलं : तेरा जागा, तेरा उमेदवार. बसंतीबाई दारात उभी होती. "साहेब, म्या तं मांगं घेतलंच नाही," ती म्हणाली. अधिकाऱ्याने तिला तिची सही दाखवली. तिने सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं. "तुमी पावती म्हनलं होतं," एवढंच म्हणाली.

मी टेबलावरचे कागद नीट लावत बसलो.

वामन


१४ जानेवारी २००६

जफर,

परवा सकाळी दारव्ह्याला जाऊन मी अधिकाऱ्याला लेखी निवेदन दिलं. माघारीच्या या नऊ सह्या मी पावती म्हणून घेतल्या, उमेदवारांना ठाऊक नव्हतं, असं. आधीच्या चार निवडणुकांतही असंच केलं, हेही लिहिलं. एका प्रतीत दिलं.

माणूस नवा आहे, तरुण आहे, पण कच्चा नाही. वाचून म्हणाला, "साहेब, तुम्ही नोकर, ते अध्यक्ष. तुमचं काही बिनसलं असेल म्हणून तुम्ही लिहून दिलंत, असं ते म्हणणार. आणि त्या नऊ जणांचा फायदा आहे. यात ज्याला काही मिळवायचं नाही, असा एक माणूस द्या, ज्याची सही तुम्ही अशीच घेतली." वीस तारखेला, शुक्रवारी, अकरा वाजता त्याच्या ऑफिसात सुनावणी ठेवली आहे.

मी यादी काढली. चार निवडणुकांत मिळून सात जणांच्या सह्या घेतल्या होत्या. दोघे वारले. एकाचा मुलगा भाच्याच्या जिनिंगवर कामाला आहे. तिघांना विचारलं, तर ते म्हणाले, जुनं कायले उकरून राह्यले. राहिलास तू.

काल मारोतराव स्वतः क्वार्टरवर आले. पहिल्यांदाच. सुमेधाने चहा दिला. ते म्हणाले, "वामनराव, माणूस चुकते. निवेदन मांगं घ्या. कपाटातलं कपाटात राहीन. दोन वर्षांनं तुमचा सत्कार मीच करीन." प्रेमाने बोलले, हेच जड गेलं. ते गेल्यावर मी कितीतरी वेळ मागे घ्यायचं की नाही याचाच विचार करत होतो. तुला खोटं कशाला सांगू? अजूनही करतो आहे.

म्हणून हे पत्र आजच टाकतो, बुद्धी फिरायच्या आत. तू आलास तर माझी नोकरी जाईल, घर जाईल, वर फसवणुकीची केस होईल. तू नाही आलास तर निवेदन रद्दीत जाईल आणि मी आहे तिथे, मारोतरावांच्या कपाटात, सुखरूप राहीन. तुझ्यावर उपकार करण्याचं नाटक मी करत नाही. मागतोच आहे.

ये. माझ्याविरुद्ध साक्ष दे.

वामन


२१ जानेवारी २००६

जफर,

तू आलास.

अकराला दहा कमी असताना तू जीपमधून उतरलास, दाढी पांढरी झालेली, हातात टिफिन. मी उठून उभा राहिलो. तू बाजूच्या बाकावर बसलास. साक्षीदाराने आरोपीशी बोलू नये, असा नियम असेलही, पण तुला नियम माहीत नव्हता, हे मला माहीत आहे.

तुझी उत्तरं माझ्या पाठ झाली आहेत. "ही तुमची सही?" "माही." "वाचून केली होती?" "नाही." "का नाही वाचली?" "दोस्त होता साहेब. दोस्ताचा कागद काय वाचाचा?" अधिकाऱ्याने लिहायचं थांबवून वर बघितलं. मग मला विचारलं, साक्षीदाराबद्दल तुमचं काही म्हणणं आहे का? मी म्हटलं, तो बरोबर सांगतो आहे.

तिथेच मारोतरावांनी खिशातून माझा राजीनामा काढला. एकवीस वर्षांत कागद पिवळा पडलाय. तारीख टाकायला पेन नव्हतं, ते त्यांनी माझ्याकडे मागितलं आणि मी टोपण काढून दिलं. हसू नकोस. मग हसलास तरी चालेल.

तू निघून गेल्यावर निकाल वाचला. माघारीचे नऊही अर्ज रद्द. तेरा जागांसाठी बावीस उमेदवार. एकोणतीसला, रविवारी, मतदान. बसंतीबाई माझ्याजवळ येऊन म्हणाली, "साहेब, हे खरं व्हय नं? का हेबी पावतीच?" मी म्हटलं, खरं आहे. तिने अधिकाऱ्याला पुन्हा विचारून घेतलं. बरोबर केलं.

क्वार्टर महिनाअखेर सोडायचं आहे. दारव्ह्याला तळमजल्यावर दोन खोल्या बघितल्या. सुमेधा भांडी बांधते आहे आणि बांधताना गुणगुणते आहे. मला भीती वाटते, तिला वाटत नाही. केसचं पुढे काय होतं ते बघू.

एक गोष्ट आभाला कळवली. आज सकाळी यवतमाळहून मिलमध्ये ट्रक आला. सहा रेच्यांचे नवे रोलर आणि सुऱ्यांचा खोका. मारोतरावांनी काल संध्याकाळी फोनवरून मागवले. सहा वर्षं मी ज्यासाठी टिपणं लिहीत होतो, ते मतदान लागल्यावर एका रात्रीत आलं. मी तिला लिहिलं, बाई, तुमच्या प्रबंधात एवढं घाला. पण लगेच टाळ्या वाजवू नका. तीस तारखेला ते सामान रेच्यांवर चढतं की त्याच ट्रकने परत जातं, तेही बघायला या.

दुपारी सुमेधाने विचारलं, "कोण येईल हो निवडून?" निकालाची नोटीस मी दरवेळी महिनाभर आधी टाइप करून ठेवायचो. या वेळी मला माहीत नाही जफर. खरंच माहीत नाही.

घरच्या वावरावर तू अजून सभासद आहेस. तुझं नाव मी यादीतून कधी कमी केलं नाही, दोनशे चौदावं आहे. मतदान सकाळी आठ ते पाच, मिलच्या गोदामात. मला मत नाही, माझं वावर नाही, मी नुसता पगारी माणूस होतो. पण मी फाटकाबाहेर उभा असेन.

ये. नाही बोललास तरी चालेल.

तुझा
वामन